दसऱ्याला हळदकुंकू, पण आत धुळीचा थर

खंडेनवमीला आपल्या घरांत हत्यारांची पूजा होते. पूर्वी पाटावर तलवार-कट्यार असायची. मग विळी, कात्री, शिवणयंत्र आले, दारातली स्कूटर आली आणि आता बरीच वर्षे त्या रांगेत संगणकही येऊन बसला आहे. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डच्या कडेला हळदकुंकवाचे बोट आणि टेबलाखालच्या डब्याला, ज्याला आपण सगळेच ‘सीपीयू’ म्हणतो, एक नमस्कार. दिवाळीच्या साफसफाईत त्याच डब्यावरून एक ओले फडके फिरते आणि काम झाले असे आपण समजतो. आत काय साठले आहे, हे तो बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही.

आमच्याकडेही तसेच झाले. आमची आत्या गेली काही वर्षे घराण्याचा कुलवृत्तांत तयार करते आहे. होळकरांच्या चाकरीसाठी इंदूरला आलेल्या मूळ पुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंत सगळ्यांची नावे, गावे आणि सोयरिकी तिने पत्रे लिहून, फोन करून गोळा केल्या आणि आपल्या जुन्या संगणकावर टाइप केल्या. तेही युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

एका मे महिन्यात हा संगणक अचानक बंद पडू लागला. सकाळी दोन-दोन तास नीट चालायचा, पण दुपारी दहा मिनिटांत स्क्रीन काळी. आत्याने तो दुकानात नेला. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला, “मदरबोर्ड गया है, नया सिस्टम ले लो.” संध्याकाळी तिचा मला फोन आला, “अरे, नवा घेईन मी. पण त्यात माझी माणसं उघडतील का?”

तिच्या बोलण्यात एक गोष्ट मला खटकली. सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो. मदरबोर्ड खराब झाला असेल तर त्याला सकाळ-दुपार कशी कळेल? दुपारी फक्त एक गोष्ट बदलते, ती म्हणजे खोलीतली उष्णता. डबा घरी आणून उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांवर, धुळीची गादी बसली होती. अक्षरशः गादी, नखाने उचलली तर अखंड निघेल अशी. ती काढली, पेस्ट बदलली आणि तोच संगणक भर दुपारी संध्याकाळपर्यंत चालला.

प्रत्येक बिघाड असा सुटतो असे नाही. पण उन्हाळ्यात बंद पडणारा, घूंऽऽ असा आवाज करणारा, दिवसेंदिवस मंद होत गेलेला संगणक ‘म्हातारा’ झाला असे ठरवून टाकण्याआधी एकदा उघडून पाहावा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, एवढे माहीत असले की पुरे.

धूळ नेमके काय करते

घरगुती संगणकातला प्रोसेसर भरपूर काम करताना साधारण ६५ वॅट वीज खातो आणि जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता करतो. जुन्या पिवळ्या ६० वॅटच्या बल्बला चुकून हात लागल्याचे आठवत असेल. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडते. ती खेचून घेण्यासाठी चिपवर ॲल्युमिनिअमचा किंवा तांब्याचा पात्यापात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावरचा पंखा हवा त्या पात्यांमधून ढकलतो.

पात्यांमधल्या फटी धुळीने बुजल्या की पंखा फिरतो, पण हवा आत जात नाही. धूळ म्हणजे मुख्यतः कपड्यांचे धागे, केस, त्वचेचे कण आणि माती. स्वयंपाकघर जवळ असेल तर त्यात फोडणीचा तेलकट धूर मिसळतो, देवघर जवळ असेल तर उदबत्तीची राख आणि काजळी. मग ती धूळ चिकट होते आणि फुंकरीने निघत नाही.

प्रोसेसर स्वतःला वाचवायला शिकलेला आहे. तापमान फार वाढले की तो आपला वेग कमी करतो, तेव्हा आपण म्हणतो, “संगणक स्लो झाला.” तरीही ताप उतरला नाही तर, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तो यंत्र सरळ बंद करून टाकतो. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. म्हणूनच हिवाळ्यात कसेबसे निभावणारा धुळकट संगणक इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याच्या चाळिशीपार दुपारी मान टाकतो.

पाडवा आणि दसरा

वर्षातून दोनदा साफसफाई पुरते. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, पाडव्याच्या सुमारास, आणि एकदा पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी. घर रस्त्याकाठी असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा घरात कुत्रा-मांजर असेल तर आणखी एखादी वेळ.

सामान थोडेच लागते. एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. नैसर्गिक केसांचा, इंचभर रुंदीचा रंगाचा कोरा ब्रश. एक मऊ जुना टूथब्रश. धागे न सुटणारे सुती कापड. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब. रिपेअरवाल्यांकडे असतो तसा हातातला विजेचा ब्लोअर मिळाला तर काम झपाट्याने होते. अल्कोहोल ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध घ्यावे. हात धुण्याचे सॅनिटायझर चालणार नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. अल्कोहोल पेट घेते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ दिवा, उदबत्ती, गॅस काही नको.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर हवेच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि ती नाजूक भागांना मारक ठरू शकते. डब्यातून बाहेर पडून जमिनीवर सांडलेली धूळ ओढायला मात्र तो उत्तम.

उघडण्यापूर्वी

पहिले काम स्क्रूड्रायव्हरचे नाही, बॅकअपचे. संगणक चालू होत असेल तर महत्त्वाच्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. साफसफाईत डेटा जात नाही, पण जुन्या यंत्राचा भरवसा कोणी द्यावा?

मग संगणक बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि वायर काढा. त्यानंतर संगणकाचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली थोडी वीज निघून जाते. सगळ्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर मागच्या बाजूचे दोन फोटो घ्या. डबा उघडल्यावर आतलेही घ्या. परत जोडताना हे फोटो फार उपयोगी पडतात.

आता स्थिर विजेबद्दल. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तीच ही वीज. तिचा झटका आपल्याला जाणवतो तेव्हा दाब साधारण ३,००० व्होल्टच्या वर गेलेला असतो. चिपला त्याहून कितीतरी कमी दाबानेही इजा होते आणि ती आपल्याला कळतही नाही. म्हणून सुती कपडे घाला, गालिचावर बसू नका आणि आतल्या कशालाही हात लावण्याआधी, तसेच मधूनमधून, डब्याच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावा. मदरबोर्ड आणि कार्ड नेहमी कडेने धरा.

साफसफाईचा क्रम

डबा गॅलरीत किंवा ओट्यावर न्या आणि नाकाला रुमाल बांधा. मागच्या बाजूचे दोन स्क्रू काढले की डावीकडचे झाकण मागे सरकून निघते.

समोरच्या जाळीपासून सुरुवात करा. हवा तिथून आत येते आणि मागून बाहेर जाते, म्हणून पहिला थर तिथेच असतो. जाळी किंवा फिल्टर सुटा निघत असेल तर पाण्याने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

मग पंखे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि ब्रशने एकेक पाते पुसा. ब्लोअर वापरताना तर पंखा धरलाच पाहिजे. मुलांना तो भिंगरीसारखा फिरवायला आवडतो, पण वाऱ्याच्या जोराने तो आपल्या मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग खराब होते.

त्यानंतर हीटसिंक. वरचा पंखा सुटा करता येत असेल तर करा, म्हणजे खालची गादी दिसेल. ती आधी ब्रशने आणि बोटांनी उचलून काढा, उरलेली ब्लोअरने. ब्लोअर वीतभर अंतरावरून मारा. मदरबोर्डवर ब्रश हलक्या हाताने वरून खाली फिरवा, घासू नका. शेवटी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, फक्त बाहेरून, त्याच्या जाळीतून हवा मारून.

झाकण लावण्याआधी एकदा संगणक चालू करून सगळे पंखे फिरतात का ते पाहा. त्या वेळी आत हात घालू नका. मग झाकण लावा. अनेक घरांत उन्हाळ्यात झाकण काढून समोर टेबलफॅन लावलेला दिसतो. निकडीला तो चालतो, पण रोजचा उपाय म्हणून नव्हे. समोरून आत आणि मागून बाहेर ही हवेची वाट त्याने मोडते आणि धूळ दुप्पट वेगाने जमते.

तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

प्रोसेसर आणि हीटसिंक दोन्ही वरून गुळगुळीत दिसतात, पण बारकाईने पाहिले तर दोघांवर खाचा असतात. त्या खाचांत अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. थर्मल पेस्ट त्या खाचा भरते. काही वर्षांनी ती वाळून खडूसारखी होते. दर साफसफाईला ती बदलावी लागत नाही, पण धूळ काढूनही ताप उतरला नाही तर, किंवा हीटसिंक एकदा काढला तर, नवी लावावीच लागते.

हीटसिंक काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवा म्हणजे पेस्ट थोडी मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, पुढचे काम. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांबरोबर येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात. वरच्या बाणाच्या दिशेने त्या पाव फेरा फिरवल्या की सुटतात. हीटसिंक सरळ वर ओढू नका. आधी किंचित डावी-उजवीकडे फिरवा. ज्या प्रोसेसरांना खालून पिना असतात, ते वाळलेल्या पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून निघतात आणि पिना वाकतात. सगळ्यात महागडी चूक होते ती इथेच.

जुनी पेस्ट कापडाने पुसा, उरलेली अल्कोहोलने. दोन्ही पृष्ठभाग वाळले की प्रोसेसरच्या मधोमध मोठ्या तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि हीटसिंक बसवा. दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावली तर जास्त थंड होईल असे नाही, ती फक्त कडेने बाहेर येईल. चार खुंट्या तिरक्या जोडीने दाबा, एक वरची डावी, मग खालची उजवी. पंख्याची वायर परत लावायला विसरू नका. ती विसरली तर सगळी मेहनत वाया जाते.

रॅम आणि नाण्याएवढा सेल

संगणक चालू होतो, पण पडदा काळा राहतो आणि आतून बीप-बीप ऐकू येते. अशा वेळी पुष्कळदा रॅमचे टोक नीट टेकत नसते. पावसाळ्यानंतर तर हमखास. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅमची पट्टी काढा, सोनेरी कड अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. दुकानदार पांढरे खोडरबर वापरतात. त्यानेही काम होते, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून ते वारंवार करू नये आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे संगणक सुरू केला की तारीख कित्येक वर्षे मागची दिसते आणि इंटरनेटवरच्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देतात. यात व्हायरस नसतो. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ क्रमांकाचा. संगणक बंद असताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला की घड्याळ मागे जाते, आणि साइटची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्याने सगळा घोळ होतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढून, खिट्टी दाबून जुना काढायचा आणि अधिक चिन्ह वर ठेवून नवा बसवायचा. सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतते.

कशाला हात लावायचा नाही

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. घरातली २३० व्होल्टची वीज त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाने साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ तिथे राहते. तो बिघडला तर बदलायचा.

हार्ड डिस्कही उघडायची नाही. आतल्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. धुळीचा एक कणही तिथे दगडासारखा आहे. डिस्कमधून ‘टक्-टक्’ आवाज येऊ लागला तर साफसफाई, दुरुस्ती सगळे बाजूला ठेवा आणि आधी डेटा उतरवा.

डब्याच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा संगणकात नाही, घराच्या अर्थिंगमध्ये असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून काम भागवू नका.

गोव्याची दमट हवा, आपल्या घरची पाल

माळव्यात आणि गुजरातेत शत्रू म्हणजे धूळ आणि ऊन. गोव्यात आणि बेळगावच्या पावसाळ्यात शत्रू म्हणजे ओल. ओलसर धूळ वीज वाहू लागते आणि तांब्याला हिरवा गंज चढतो. समुद्राकाठच्या खारट हवेत तो आणखी लवकर चढतो. उपाय साधा आहे. पावसाळ्यात संगणक दिवसेंदिवस बंद ठेवू नये. दोन-तीन दिवसांनी अर्धा तास तरी चालवावा, म्हणजे त्याच्याच उष्णतेने आतली ओल सुकते. वीज कडाडू लागली की मात्र वायर काढावी, इंटरनेटची तारसुद्धा.

आणखी एक पाहुणी सगळीकडे सारखी, ती म्हणजे पाल. झुरळे आणि मुंग्याही उबेला येतात. पाल विजेच्या भागावर पडली की तिचा जीव जातो आणि यंत्राचाही. मागच्या बाजूला कार्डांसाठी ठेवलेल्या चिरा उघड्या असतील तर त्यांवर धातूच्या पट्ट्या बसवा. डबा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच स्टुलावर ठेवा, भिंतीपासून थोडा दूर. झाडूची धूळ आणि फरशी पुसतानाचे पाणी दोन्ही टळतात. पूजेच्या वेळी अक्षता आणि कुंकू जाळीवर पडणार नाहीत एवढेही पाहा.

आत्याची माणसं

आत्याचा संगणक दुरुस्त झाला त्या दिवशी आम्ही खेळीमेळीत चहा घेतला, पण त्याच बैठकीत आणखी एक काम उरकले. साफ केलेले जुने यंत्रही एक दिवस थांबणारच. म्हणून सगळ्या फाइलींबरोबर तिच्या फाँटच्या फाइलीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवल्या. कुलवृत्तांताची पीडीएफ केली, फाँट आत बसवून. ती पीडीएफ माझ्या मोबाइलवर उघडली तेव्हा आत्याने चष्मा लावून पहिले पान वाचले, मग शेवटचे. सगळी नावे मराठीत होती.

दर पाडव्याला आणि दसऱ्याला आता तीच मला फोन करते, “ब्रश घेऊन येतोस ना?” गेल्या दसऱ्याला मी पोचलो तेव्हा तिने झाकणाचे दोन्ही स्क्रू काढून वाटीत ठेवले होते. हळदकुंकू लावायचे बाकी होते. ते तिने साफसफाई झाल्यावर लावले.